लहान माकडांना कमी खायला दिलं तर त्यांची वाढ खुंटते का? आणि आयुष्य खरंच वाढतं का?

वाढ मंदावते, हे नक्की. पण कमी म्हणजे काय कमी, ते आधी बघायला हवं. फक्त कॅलरी कापल्या आणि प्रथिनं, जीवनसत्त्वं, खनिजं पुरेशी ठेवली तर तो एक प्रकार. सगळंच कापलं तर ते सरळ कुपोषण. या दोहोंचे निष्कर्ष सर्रास एकमेकांत मिसळले जातात आणि तिथेच गोंधळ होतो.

पहिल्या प्रकाराचा मोठा प्रयोग अमेरिकेतल्या नॅशनल इन्स्टिट्यूट ऑन एजिंग या वार्धक्यावर संशोधन करणाऱ्या संस्थेने 1987 मध्ये ऱ्हीसस माकडांवर सुरू केला. त्यात एक-दोन वर्षांची पिल्लंही होती. त्यांचा आहार हळूहळू 30 टक्क्यांच्या आसपास कमी केला, जीवनसत्त्वं मात्र वरून दिली. तुलनेसाठी ठेवलेल्या माकडांनाही मोजूनच खाणं मिळे, हे निकाल वाचताना विसरू नये. कमी खाणाऱ्या पिल्लांचं वजन तर कमी राहिलंच, धडाची लांबीही कमी भरली. नरांमध्ये वयात येताना होणारी टेस्टोस्टेरॉनची वाढ साधारण वर्षभर उशिरा झाली.

यामागचं कारण मला सगळ्यात रंजक वाटतं. खाणं घटलं की यकृतात तयार होणारा आयजीएफ-1 हा हाडांची वाढ घडवणारा घटक कमी होतो. मग वाढीचं संप्रेरक रक्तात असलं तरी हाडांच्या टोकांजवळच्या कूर्चेतल्या, म्हणजे मऊ हाडातल्या, पेशी सावकाश वाढतात. अंगातली चरबी कमी, म्हणजे चरबीतून सुटणारं लेप्टिन हे संप्रेरकही कमी. त्यामुळे वयात येण्याचा मेंदूकडून सुटणारा इशाराही लांबतो. पण वयात यायला उशीर झाला की ती कूर्चा पक्कं हाड होऊन बंद व्हायलाही उशीर लागतो, म्हणजे वाढीला थोडा जास्त काळ मिळतो. म्हणून एकाच वयात मोजमाप घेऊन ‘खुंटली’ म्हणणं मला घाईचं वाटतं. अर्थात सगळी तूट भरून निघतेच असंही नाही.

आयुष्याचं म्हणाल, तर संशोधक क्लाइव्ह मॅके यांनी कॉर्नेल विद्यापीठात दूध सुटलेल्या उंदरांना कमी खायला घातलं, तेव्हा ते खुजे राहिले पण जास्त जगले; हे निष्कर्ष 1935 मध्ये प्रसिद्ध झाले. माकडांच्या पिल्लांचं तसं झालं नाही. नॅशनल इन्स्टिट्यूट ऑन एजिंगच्या आणि विस्कॉन्सिन विद्यापीठातल्या अशाच माकडांवरच्या प्रयोगाची माहिती एकत्र करून 2017 मध्ये विश्लेषण झालं. त्यात फायदा प्रौढ आणि वयस्क वयात सुरुवात केलेल्यांना दिसला, पिल्लपणापासून कमी खाणाऱ्यांना नाही.