पाठीतलं पाणी तपासून एमएनडी लवकर कळतो का?

तुम्ही लिहिलंय की वडील 54 वर्षांचे आहेत, उजव्या हाताची पकड चार महिन्यांपासून ढिली पडत चाललीय, दंडाचे स्नायू फडफडतात, आणि नागपुरात पाठीतलं पाणी (मेंदू आणि मज्जारज्जूभोवतीचा द्रव, सीएसएफ) काढून ‘मार्कर’, म्हणजे आजाराची खूण देणारा पदार्थ, बघायला सांगितलंय. नुसत्या त्या पाण्यावर एमएनडीचं (मोटर न्यूरॉन डिसीज, स्नायू हलवणाऱ्या चेतापेशी झिजण्याचा आजार) निदान होत नाही.

पाण्यात सध्या सगळ्यात भरवशाचा मार्कर म्हणजे न्यूरोफिलामेंट. मज्जातंतूच्या आतला सांगाडा याच प्रथिनाचा असतो. तंतू तुटले की ते पाण्यात उतरतं आणि तिथून थोडं रक्तात. एएलएसमध्ये (एमएनडीचा सगळ्यात जास्त आढळणारा प्रकार) ते बरंच वाढतं, पण पक्षाघात, एमएस (मेंदू-मज्जारज्जूतल्या तंतूंच्या आवरणाचा आजार), जीबीएस (नसांवर अचानक हल्ला होऊन येणारा लुळेपणा) यांतही वाढतं. तंतू किती वेगानं तुटताहेत ते समजतं, कशामुळे ते समजत नाही. आजार संथ असेल तर आकडा जवळपास नॉर्मल येऊ शकतो, आणि वयानुसारही तो चढतो.

रक्तातला आणि पाण्यातला आकडा एएलएसमध्ये बऱ्यापैकी सोबत चालतो. म्हणून केवळ न्यूरोफिलामेंटसाठी वडिलांच्या पाठीत सुई टोचू नका, असं माझं स्पष्ट मत आहे. दुसरं काही वगळायचं असेल तर पाणी जरूर काढा: एएलएसमध्ये पेशी सहसा नॉर्मल असतात, प्रोटीन नॉर्मल किंवा किंचित जास्त. पेशी वाढल्या किंवा प्रोटीन डेसिलिटरमागे 100 मिलिग्रॅमच्या वर गेलं, तर डॉक्टर दुसरा आजार शोधतात.

काढायचंच ठरलं तर 22 गेजची बोथट टोकाची सुई मागा, नंतरची डोकेदुखी कमी होते. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू असतील तर आधी सांगा; स्वतःहून बंद करू नका. मार्करचा नमुना पॉलीप्रॉपिलीनच्या नळीत घ्यावा, कारण साध्या पॉलीस्टायरीनच्या भिंतीला काही प्रथिनं चिकटून बसतात. सुरुवातीचे थेंब सुईच्या रक्तानं लाल आले तर ते मार्करसाठी धरू नयेत. दोन तासांच्या आत सेंट्रिफ्यूज करून (यंत्रात वेगानं फिरवून पेशी वेगळ्या करून) उणे 80 अंशांवर ठेवावा. न्यूरोफिलामेंट चिवट आहे, तरी मे महिन्यातल्या नागपुरातून नमुना बाहेरच्या लॅबला जाणार असेल तर कोरड्या बर्फातच पाठवायला लावा. पुन्हा तपासायचं झालं तर त्याच लॅबमध्ये; दोन यंत्रांचे आकडे एकमेकांशी लावून बघता येत नाहीत.

त्याआधी मानेचा एमआरआय आणि नीट केलेली ईएमजी-एनसीव्ही (स्नायू आणि नसांची विजेची तपासणी). कमजोर हातावर थांबू नका. जीभ, पाठीचे स्नायू आणि पायही बघायला सांगा. एएलएस ठरवण्याच्या 2020 च्या गोल्ड कोस्ट निकषांना वाढत जाणारी कमजोरी, ठरावीक भागांतली मोटर (स्नायू हलवणाऱ्या) नसांची लक्षणं आणि बाकीचे आजार वगळलेले लागतात. त्यात न्यूरोफिलामेंट नाही. एनसीव्हीत कंडक्शन ब्लॉक (नसेत संदेश मधेच अडणं) शोधायला मुद्दाम सांगा. मल्टिफोकल मोटर न्यूरोपॅथी या नसांच्या वेगळ्या आजारात हात असाच बधिरपणाशिवाय कमजोर होतो, आणि ती आयव्हीआयजीनं (शिरेतून दिलेल्या प्रतिपिंडांनी) सुधारते. हा आजार निसटला तर ते फार मोठं नुकसान.

एएलएस ठरलंच, तर सॉड-1 जनुकाची चाचणी लगेच विचारा, घरात कुणाला नसला तरी. त्या जनुकातल्या बिघाडानं होणाऱ्या प्रकारासाठीच्या टोफरसेन या औषधाला अमेरिकेत एप्रिल 2023 मध्ये मंजुरी मिळाली, तीही रक्तातलं न्यूरोफिलामेंट उतरल्याच्या आधारावर.