आठवडी बाजारात नेऊन लहान मुलांना काही शिकवता येतं का?

मुलगी पाच वर्षांची आहे, गावात आठवडी बाजार भरतो, तिथे तिला काय शिकवता येईल, असं तुम्ही विचारलंत. पुष्कळ शिकवता येईल. मी यवतमाळ जिल्ह्यातल्या एका गावात पहिली-दुसरीला शिकवते.

आधी वेळ बघा. बाजाराच्या दिवशीच मजुरीचा चुकारा होतो, त्यामुळे संध्याकाळी पाय ठेवायला जागा नसते. दुपारी तीनच्या सुमारास भाजीवालीलाही लेकराशी बोलायला सवड असते.

पाच वर्षांच्या पोरीला हिशेब नको. सहा लिंबं तिला निवडू द्या, सांबाराची, म्हणजे कोथिंबिरीची, मोठी जुडी कोणती ते ओळखू द्या, दहाची नोट देऊन एखादी वस्तू तिलाच मागू द्या. ती अडखळली तर तुम्ही मधे बोलू नका. आणि चारचौघांत "सांग बरं, किती झाले?" अशी परीक्षा तर मुळीच घेऊ नका. मग पोरं बाजारात यायलाच नाही म्हणतात.

सात-आठ वर्षांची झाली की वजनांकडे वळा. पावभर मिरचीला तराजूत 200 आणि 50 ची वजनं पडतात, शेजारच्या इलेक्ट्रॉनिक काट्यावर तेच 0.250 दिसतं. आलू 40 रुपये किलो, तर अर्धा किलो 20 आणि पाव 10. अर्ध्याचं अर्धं केलं की झालं. बत्तीस रुपयांच्या मालाला पन्नासची नोट दिली, की दुकानदार "हे तीन, पस्तीस, हे पाच, चाळीस, हे दहा, पन्नास" असं मोजून चिल्लर परत देतो. तसं तिलाही मोजू द्या.

पण हा हिशेब आपोआप पाटीवर उतरत नाही, हे मला कळकळीने सांगायचं आहे. अर्थशास्त्रज्ञ अभिजित बॅनर्जी, एस्थर डफ्लो आणि सहकाऱ्यांचा अभ्यास 2025 मध्ये 'नेचर' या विज्ञानाच्या नियतकालिकात छापून आला. कोलकाता आणि दिल्लीच्या बाजारांत काम करणारी मुलं अवघड व्यवहार तोंडी करायची, पण शाळेच्या पद्धतीने मांडलेल्या साध्या गणितालाही अडायची. नुसत्या शाळेत शिकणाऱ्या मुलांचं नेमकं उलट होतं.

म्हणून घरी थैली रिकामी करताना पाटी जवळ ठेवा. आज सहा लिंबं काढून खाली 6 लिहा. पुढे आलूचे 20 आणि मिरचीचे 10 मिळून 20 + 10 = 30. कधी आधी 50 − 32 लिहा आणि अंगणात दुकान मांडून तिलाच चिल्लर परत द्यायला सांगा.