जास्त नॅनो, कमी गॅस

(सांगली जिल्ह्यातल्या एका वडिलांचं पत्र, थोडक्यात: मुलगी बी.एस्सी. मायक्रोबायॉलॉजीच्या शेवटच्या वर्षाला, 68 टक्के. प्रोजेक्टसाठी मळीच्या पाण्यात जीवाणू वाढवले, लोखंडाचे नॅनोकण, म्हणजे अतिसूक्ष्म कण, टाकून हायड्रोजन मोजला. सगळ्यांत जास्त कण टाकलेल्या बाटलीतच कमी गॅस आला. 'प्रयोग फसला. अर्धा एकर तारण ठेवून खासगी विद्यापीठात एम.एस्सी. नॅनोटेक्नॉलॉजीला घालायचं आम्ही ठरवलंय. तिला समजावा.')

नमस्कार,

तुमच्या दोन पानांत 'आम्ही ठरवलं' पाच वेळा आलंय. मुलीबद्दल एकच ओळ: 'ती हल्ली गप्प असते.' टक्क्यांचं सोडा, मला ती ओळ टोचली. रान गहाण टाकून भरलेल्या फीचं ओझं घेऊन गेलेल्या पोरीला दुसऱ्या सेमिस्टरला विषय नकोसा झाला, तरी ती घरी सांगेल का?

आणि प्रयोग फसला हे ठरवलं कोणी? हायड्रोजन नॅनोकण तयार करत नाहीत, जीवाणू करतात. हायड्रोजन बनवणाऱ्या त्यांच्या हायड्रोजनेज एन्झाइमला लोखंड लागतं, ते या कणांतून मिळतं आणि इलेक्ट्रॉनची ने-आण सोपी होते. जेवणात मीठ लागतं तितपतच. मात्रा वाढली की तेच कण पेशींना मारक ठरतात आणि गॅस घटतो. तिच्या बाटलीत बहुधा हेच झालंय. एप्रनला खवट तुपासारखा वास येतो म्हणून तुमची तक्रार आहे ना? तो ब्युटिरिक आम्लाचा. जीवाणूंनी साखर आंबवून हे आम्ल बनवलं, तर त्या वाटेने ग्लुकोजच्या एका रेणूमागे हायड्रोजनचे 2 रेणू मिळतात, असेटिक आम्लाच्या वाटेने 4. या आंबवण्यात कितीही भारी कण टाका, 4 च्या पुढे गाडी जात नाही. म्हणजे सगळा खेळ जीवाणूंचा, आणि तुम्ही तिला नेमकं तिथूनच उठवताय!

हायड्रोजनला मागणी आहे, खरंय. पण 2030 पर्यंत वर्षाला 50 लाख टनांचं जे सरकारी उद्दिष्ट आहे, त्याचा मुख्य भर विजेने पाणी फोडण्यावर आहे. जीवाणूंचा हायड्रोजन अजून बराचसा प्रयोगशाळेत आणि छोट्या प्रकल्पांत आहे. त्या भरवशावर कर्ज काढू नका.

पुढे शिकायचं असेल तर जॅम, सीयूईटी-पीजी, जीएटी-बी या एम.एस्सी.च्या प्रवेश परीक्षांच्या नेहमीच्या वाटा आहेतच. सरकारी विद्यापीठातली फी जमीन गहाण न टाकता भरता येते. ऑक्सिजनविना जगणाऱ्या जीवाणूंवर पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेत काम चालतं. तिथे प्रोजेक्टसाठी जागा आहे का, हे तिने स्वतः मेल करून विचारावं. तुम्ही फोन करू नका.

तिला समजावण्याचं काम मी करणार नाही. आज रात्री तिची प्रोजेक्टची वही मागा, शेजारी बसा आणि आलेख कुठे खाली वळला ते तिच्याकडून समजून घ्या. पुढचं पत्र तिला लिहू द्या. आणि ते टाकायच्या आधी वाचायला मागू नका.