सँडविच साखळ्यांचा दर्जा का घसरला आणि त्या टिकतील का?

आपला प्रश्न असा आहे की, अमेरिकेतील सबवेसारख्या सँडविच साखळ्यांचा दर्जा पूर्वीसारखा का राहिला नाही आणि पुढील दहा वर्षांत त्या तग धरतील का. अमेरिकेत पदव्युत्तर शिक्षण घेत असताना विद्यापीठाच्या आवारातील अशाच एका साखळीच्या दुकानात मी काम केले आहे आणि तेव्हापासून या व्यवसायातील घडामोडी मी नियमितपणे वाचत आलो आहे. माझ्या मते या घसरणीचे मूळ पाव किंवा भाजीत शोधण्यात फारसा अर्थ नाही. ते कंपनी आणि दुकानमालक यांच्यातील करारात आहे आणि या साखळ्यांचे भवितव्यही त्याच करारावर अवलंबून आहे.

सबवेचा इतिहास थोडक्यात सांगतो. १९६५ साली कनेटिकट राज्यातील ब्रिजपोर्ट येथे सतरा वर्षांच्या फ्रेड डेलुकाने कुटुंबाचे स्नेही पीटर बक यांच्याकडून एक हजार डॉलर घेऊन पहिले दुकान काढले आणि १९७४ पासून कंपनीने इतरांना फ्रँचायझी, म्हणजे शुल्क घेऊन कंपनीच्या नावाने दुकान चालवण्याचा परवाना, देण्यास सुरुवात केली. सँडविचच्या दुकानाला तळणाची कढई लागत नाही, धूर ओढून नेणारी महागडी यंत्रणा लागत नाही, शिवाय जागाही थोडी पुरते. त्यामुळे पेट्रोल पंप, रुग्णालय, मोठे दुकान अशा कोठल्याही कोपऱ्यात ते थाटता येत असे. फ्रँचायझीचे प्रवेशशुल्क पंधरा हजार डॉलर, म्हणजे मॅकडोनाल्ड्सच्या तुलनेत किरकोळ होते. साहजिकच नव्याने स्थलांतरित झालेली कुटुंबे या व्यवसायात मोठ्या संख्येने आली आणि त्यांत भारतीय बरेच होते. २०१५ च्या सुमारास एकट्या अमेरिकेत सबवेची जवळजवळ २७ हजार दुकाने होती. मॅकडोनाल्ड्सची त्याच वेळी सुमारे १४ हजार होती.

या भराभर वाढीतच पुढच्या अडचणींची बीजे होती. सबवेचा दुकानमालक आपल्या विक्रीच्या ८ टक्के रॉयल्टी, म्हणजे कंपनीचे नाव वापरण्याचा मोबदला, आणि ४.५ टक्के जाहिरातनिधी कंपनीला देतो. ही आकारणी विक्रीवर होते. मालकाला नफा झाला की तोटा, याच्याशी तिचा संबंध नसतो. शिवाय अनेक वर्षे प्रत्येक प्रदेशात कंपनीचे विकास-प्रतिनिधी असत आणि त्यांचे उत्पन्न प्रवेशशुल्क व रॉयल्टी यांतील वाट्यातून येत असे. एका रस्त्यावर चांगले चालणारे दुकान असताना पलीकडच्या चौकात दुसरे निघाले, तर पहिल्या मालकाची गिऱ्हाइके विभागली जात; परंतु दोन्ही दुकानांची मिळून विक्री थोडी जरी वाढली, तरी कंपनी आणि प्रतिनिधी यांचा वाटा वाढत असे. अनेक दुकानमालकांनी २०१९ साली न्यूयॉर्क टाइम्सला सांगितले की, क्षुल्लक त्रुटींवर बोट ठेवून निरीक्षक त्यांच्या फ्रँचायझीवर गदा आणत आणि हे निरीक्षक अशा प्रतिनिधींच्या हाताखाली काम करत, जे स्वतःही दुकाने चालवत. नियमन करणारा आणि स्पर्धा करणारा एकच असेल, तर सामान्य दुकानमालकाने दाद कोणाकडे मागायची?

त्यात पाच डॉलरच्या फुटभर सँडविचची भर पडली. ही कल्पना मुळात मायामीतील एका दुकानमालकाची होती. शनिवार-रविवारची मंदी भरून काढण्यासाठी त्याने ती राबवली, ती यशस्वी झाली आणि २००८ साली, आर्थिक मंदीच्या ऐन तोंडावर, कंपनीने ती देशभर नेली. गर्दी लोटली, विक्री वाढली, विक्रीबरोबर रॉयल्टीही वाढली. मात्र मांस, चीज, भाडे आणि मजुरी वर्षागणिक महागत गेली आणि ग्राहकाच्या मनात पाच डॉलर ही किंमत पक्की बसली. २००८ चे पाच डॉलर २०२४ मध्ये सव्वासात डॉलरच्या घरात जातात. २०१८ मध्ये कंपनीने पुन्हा ४.९९ डॉलरची योजना आणली, तेव्हा शेकडो दुकानमालकांनी लेखी विरोध केला, कारण प्रत्येक सँडविचमागे खिशातून पैसे जात आहेत हे त्यांना दिसत होते.

या ताणाचा परिणाम गल्ल्यापलीकडे कसा दिसतो, हे मी ज्या दुकानात काम केले तेथील पद्धतीवरून सांगू शकतो. पावासाठी मैद्याच्या गोठवलेल्या कांड्या खोक्यांतून येत. आदल्या रात्री त्या ट्रेमध्ये मांडून थंड कपाटात ठेवायच्या, सकाळी उबदार कपाटात फुगवायच्या आणि मग भट्टीत घालायच्या. कांड्या वेळेवर बाहेर काढून नीट फुगवल्या आणि पाव दोन-तीन तासांत संपला, तर तो खरोखर चांगला लागे. परंतु सकाळच्या पाळीला दोनऐवजी एकच माणूस ठेवला, की तो गिऱ्हाईक सांभाळणार की पाव? मग दिवसभराचा पाव पहाटेच एकदम भाजला जाई आणि संध्याकाळी येणाऱ्याला चिवट, कोरडा पाव मिळे. मांसाचे काप कारखान्यातून कापून येत आणि आम्ही ते वजनकाट्यावर तोलून कागदाच्या चौकोनांवर रचून ठेवत असू. सहा इंची सँडविचला टोमॅटोच्या चकत्या तीन, काकडीच्या तीन आणि चीजचे त्रिकोण दोन, असा हिशेब भिंतीवर चिकटवलेला होता. हा हिशेब मला गैर वाटत नाही, कोणत्याही मोठ्या खानावळीत तो असतोच. दर्जा घसरतो तो सॅलडच्या पानांची (लेट्यूसची) कड तपकिरी झाल्यावर डबा फेकायचा की आणखी एक दिवस चालवायचा, हे ठरवताना. आठवड्याचा हिशेब जुळत नसलेला मालक तो डबा चालवतो. त्याच्या जागी दुसरा कोणी असता तरी त्याने बहुधा तेच केले असते.

वर्तमानपत्रांत गाजलेली प्रकरणे मी त्यामानाने दुय्यम समजतो. २०२० साली आयर्लंडच्या सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला की, सबवेच्या पावात पिठाच्या वजनाच्या १० टक्के साखर असल्याने करसवलतीपुरता तो मूलभूत अन्न ठरणाऱ्या पावात बसत नाही. तेथील कायद्यात ही मर्यादा २ टक्के आहे. ही गोष्ट खरी आणि बोलकी आहे, पण लोकांना सबवे आवडत होते त्या काळातही सबवेचा पाव गोडसरच लागत असे. कंपनीच्या जाहिरातींचा अनेक वर्षांचा चेहरा असलेल्या जॅरेड फोगलने २०१५ मध्ये अत्यंत घृणास्पद गुन्ह्यांची कबुली दिली आणि त्याच वर्षी डेलुकाचे निधन झाले. हे आघात मोठे होते यात शंका नाही. तरीही त्यानंतर हजारो दुकाने बंद पडली आणि २०२४ च्या अखेरीस अमेरिकेतील संख्या वीस हजारांच्या खाली आली, यामागचे मुख्य कारण मालकांच्या हाती काही उरत नव्हते हेच आहे.

हाच मार्ग टोकापर्यंत गेला तर काय होते, हे पाहायचे असेल तर क्विझनोजकडे पाहावे. १९८१ साली डेन्व्हरमध्ये सुरू झालेली ही साखळी भाजलेल्या गरम सँडविचसाठी प्रसिद्ध होती आणि २००७ च्या सुमारास तिची दुकाने पाच हजारांच्या जवळ पोहोचली होती. तेथे दुकानमालकांना माल कंपनीच्याच पुरवठा विभागाकडून घ्यावा लागे आणि तो बाजारभावापेक्षा महाग पडतो, अशी त्यांची तक्रार होती. कंपनी रॉयल्टीतूनही कमावत होती आणि मालातूनही. मालकांनी खटले भरले, दुकाने बंद होऊ लागली आणि मार्च २०१४ मध्ये कंपनीने दिवाळखोरीसाठी अर्ज केला. आज तिची काहीशे दुकानेच उरली आहेत. आणि तिचे सँडविच सबवेपेक्षा चांगले होते, असे आजही अनेक जण आवर्जून सांगतात.

याउलट जर्सी माइक्सचे उदाहरण आहे. पीटर कॅन्क्रो याने १९७५ साली न्यू जर्सीतील पॉइंट प्लेझंट येथील एक जुने दुकान विकत घेतले, तेव्हा तोही सतराच वर्षांचा होता. या साखळीत मांस आणि चीज गिऱ्हाइकासमोर यंत्रावर कापतात, सँडविच महाग असते आणि लोक ती किंमत देतात. तेथील सरासरी दुकानाची वार्षिक विक्री तेरा लाख डॉलरच्या आसपास आहे, तर सबवेची पाच लाखांच्या. पाच लाखांतून साडेबारा टक्क्यांप्रमाणे साडेबासष्ट हजार डॉलर कंपनीला दिल्यावर भाडे, माल आणि पगार यांसाठी काय उरते, याचा हिशेब आपण स्वतः करून पाहावा. कॅलिफोर्नियात एप्रिल २०२४ पासून मोठ्या फास्ट फूड साखळ्यांना ताशी किमान २० डॉलर मजुरी द्यावी लागते, हेही त्यात धरावे.

सबवेने २०२३ मध्ये अमेरिकेतील दुकानांत मांस कापण्याची यंत्रे आणली, ते पाऊल योग्य दिशेचे होते. पण यंत्र आले की ते धुणारा, पुसणारा आणि चालवणारा माणूसही लागतो. त्याचा पगार कमी विक्रीच्या दुकानाने कोठून काढायचा, हा प्रश्न उरतोच.

आता मालकीही बदलली आहे. रोअर्क कॅपिटलने सुमारे ९.६ अब्ज डॉलरला सबवे घेण्याचा करार केला आणि एप्रिल २०२४ मध्ये तो पूर्ण झाला. जिमी जॉन्स, आर्बीज आणि श्लॉट्झकीज या सँडविच साखळ्याही याच गुंतवणूक संस्थेच्या छत्राखाली आहेत. त्याच वर्षी ब्लॅकस्टोन या गुंतवणूक संस्थेने जर्सी माइक्समधील बहुसंख्य हिस्सा घेण्याचा करार केला, तेव्हा कंपनीचे मोल सुमारे ८ अब्ज डॉलर ठरले. जगभर सुमारे ३७ हजार दुकाने असलेली साखळी साडेनऊ अब्जांना आणि सुमारे तीन हजार दुकानांची साखळी आठ अब्जांना, या एका तुलनेत बाजाराने आपले मत सांगितले आहे. मला काळजी वाटते ती कर्जाची. सबवेच्या खरेदीसाठी रॉयल्टीच्या भावी उत्पन्नावर तीन अब्जांहून अधिक डॉलरचे रोखे काढले गेले आहेत. रॉयल्टीतून आधी व्याज फेडायचे असेल, तर ती कमी करून दुकानमालकाला दिलासा देणे नव्या मालकांना अवघड जाईल.

भारतात चित्र वेगळे आहे. येथे सबवे २००१ मध्ये आली आणि २०२१ मध्ये एव्हरस्टोन या गुंतवणूक समूहाशी झालेल्या करारानंतर दुकाने वाढवण्याचे मोठे उद्दिष्ट ठेवण्यात आले, त्यामुळे मुंबई-पुण्यात ती वाढताना दिसतात. तरी २०२३ च्या महागाईत येथील दुकानांनी मोफत चीजचा काप बंद करून त्याऐवजी चीजसारखा सॉस देऊ केला आणि काप हवा असल्यास वेगळे पैसे मागितले, हे अनेक वाचकांना आठवत असेल. खर्चाचा भार शेवटी ताटात कसा उतरतो, ते त्या वेळी आपल्याकडेही दिसले.

माझा अंदाज असा की, सबवे नाहीशी होणार नाही. अमेरिकेत आणखी काही हजार दुकाने बंद होतील, उरलेली मोजक्या मोठ्या मालकांच्या हाती जातील आणि एका कुटुंबाचे एक दुकान ही पद्धत मागे पडेल. मधल्या दर्जाच्या साखळ्यांना, म्हणजे ज्या स्वस्तही नाहीत आणि विशेष चांगल्याही नाहीत, त्यांना याहून कठीण जाईल, कारण आता किराणा दुकानांत आणि वावासारख्या पेट्रोल पंपांवरही त्याच किमतीत बरे सँडविच मिळते. कोणी यातली फ्रँचायझी घेण्याचा विचार करत असेल, तर सही करण्यापूर्वी कंपनीच्या माहितीपत्रकापुरते न थांबता त्याच प्रदेशातील, दुकान बंद केलेल्या किमान दोन-तीन मालकांना प्रत्यक्ष भेटावे. अमेरिकेतील कायद्यानुसार गेल्या आर्थिक वर्षात फ्रँचायझी सोडलेल्या मालकांची यादी कंपनीला त्या माहितीपत्रकात द्यावीच लागते.