सूप एकीकडे, पिल्लं दुसरीकडे

*ताई, मी सोलापूरला विडी घरकुलात राहते, घरी विड्या वळते. गल्लीतली कुत्री आमच्या न्हाणीमागं व्याली आणि चार दिवसांनी गाडीखाली गेली. पाच पिल्लं मी घरात आणली. उकाडा म्हणून कुलरसमोर ठेवली, गाईच्या दुधात पाणी घालून कापसानं पाजते. काल एक गेलं. सासूबाई म्हणतात, ‘हजार विड्या होईनात आणि हिला कुत्री सुचतायत.’ हे म्हणतात, माळावर सोडून ये. माझ्या हातून पाप झालं का?*

पाप-पुण्याचं नंतर बघू. आधी उठा आणि कुलरचं तोंड दुसरीकडे फिरवा.

मे महिन्यात, सोलापुरात, थंडी? हो. पहिले दोन-तीन आठवडे पिल्लाला स्वतःचं अंग गरम राखता येत नाही, ते आईच्या पोटाशी ऊब घेतं. कुलरची ओली हवा आणि खाली फरशी, म्हणजे पहाटेपर्यंत पिल्लू गार. गार पिल्लाला दूध पचत नाही. म्हणून हाताला गार लागलं की आधी ऊब, मग दूध. पदराखाली अंगाशी धरा, हळूहळू गरम होऊ द्या. खोक्यात जुनी चादर टाका आणि एकाच बाजूला कोमट पाण्याची बाटली टॉवेलात गुंडाळून ठेवा, म्हणजे उकडलं तर सरकायला जागा राहते. दुपारी घर तापलं की बाटली काढून घ्या. एकमेकांवर चढून किरकिरत असली तर थंडी वाजतेय, लांब लांब पसरून धापा टाकत असली तर उकडतंय.

दुधात पाणी आजपासून बंद. कुत्रीचं दूध गाईच्या दुधापेक्षा कितीतरी दाट असतं, स्निग्धांश जवळजवळ दुप्पट. तुम्ही ते आणखी पातळ करत होता. जनावरांच्या औषधांच्या दुकानात पिल्लांची दूध पावडर मिळते. महाग आहे, पण तीच आणा. ती येईपर्यंत एखादा दिवस कपभर सायीच्या दुधात अंड्याचा एक पिवळा बलक फेटून चालेल. कापूस नको, बिनसुईची सिरिंज घ्या. आणि लेकराला मांडीवर उताणं घेऊन पाजतो तसं पिल्लाला कधीही पाजू नका. दूध फुप्फुसात जातं. पोटावर पालथं ठेवायचं, मान जरा वर, थेंब थेंब. या आठवड्यात दर दोन-तीन तासांनी. रात्री पिल्लं गरम आणि पोटभर असतील तर चार तासांचा डोळा लागला तरी हरकत नाही.

पाजून झालं की कोमट पाण्यात भिजवलेल्या कापसानं खालची जागा हलके पुसा. आई चाटते तेव्हाच या वयात शी-शू होते, आपोआप होत नाही. हे न कळल्यानं दूध नीट पाजूनही पिल्लं जातात. रोज एकाच वेळी वजन करा, किराणावाल्याच्या काट्यावर का होईना. जन्माचं वजन दहाएक दिवसांत दुप्पट व्हायला हवं. दोन दिवस वाढलं नाही किंवा पिल्लू चोखेनासं झालं, तर जनावरांच्या डॉक्टरकडे न्या.

याहून सोपा उपाय गल्लीतच असू शकतो. आसपास दुसरी कुत्री व्याली आहे का, विचारून पाहा. तिची पिल्लं थोडी आणि याच वयाची असली तर तुमची पिल्लं तिच्या पिल्लांच्या अंथरुणाला चोळून एकेक करून जवळ ठेवा. ती चाटायला लागली तर तुमच्या रात्री सुटल्या. गुरगुरली तर लगेच उचला.

आता सासूबाई. खरं सांगू, त्यांचं काही चुकलेलं नाही. मजुरी हजार विड्यांवर आणि तुमचे हात दर दोन तासांनी सुपावरून उठतायत. तो तोटा त्यांच्याही ताटातला आहे. त्यांना भूतदया शिकवायला जाऊ नका, तारीख सांगा. आठ आठवड्यांनी एकही पिल्लू घरात राहणार नाही. चौथ्या आठवड्यात ती ताटलीतलं चाटायला लागतील, म्हणजे जागरण तेवढ्यापुरतंच. आणि एका गोष्टीत त्यांच्याही आधी तुम्ही कडक व्हा: सूप, पानं, तंबाखू यांच्या जवळ पिल्लं नकोत. तंबाखू कुत्र्याला विष आहे. वळून झालं की साबणानं हात धुऊनच पिल्लाला हात लावायचा, पिल्लाला हात लावला की धुऊनच सुपाकडे.

माळावर सोडणं म्हणजे मारणंच, फक्त आपल्या डोळ्यांआड. हे नवऱ्याला असंच सांगा.

गेलेलं पिल्लू नेमकं कशानं गेलं, ते आता कळायचं नाही. गार हवा आणि पातळ दूध, दोन्हींचा वाटा असेल. पण आई असतानाही वेतातलं एखादं जातंच, आणि तुम्ही उचललं नसतं तर पाचही गेली असती. याला मी पाप म्हणणार नाही. वाटायचं ते वाटून घ्या, पण पुढच्या पाजण्याची वेळ चुकवू नका.

दोन आठवड्यांची झाली की जंताचं औषध, जंत आईकडूनच येतात. सहा ते आठ आठवड्यांत पहिली लस, तीन महिन्यांनी रेबीजची. घरं मात्र आतापासून शोधा. नर लगेच जातात, माद्यांना कुणी विचारत नाही. मादी देताना नसबंदीचं बोलूनच द्या, आणि घेणारा ‘बघू पुढं’ म्हणाला तर दुसरं घर बघा.