पिशवी बंद झाल्यावरच्या रात्री: मला काय उपयोगी पडलं

ताई, तुमच्या प्रश्नातल्या शेवटच्या ओळीवर मी अडकलो. ‘बाबा आता रात्रीचं जेवणच नको म्हणतात.’ हुबेहूब हेच मी केलं होतं, आणि त्याचा काडीचाही उपयोग झाला नाही. म्हणून जरा सविस्तर लिहितो.

तुम्ही लिहिलंय त्यावरून मला कळलं ते असं: बाबा ६३ वर्षांचे, गुदाशयाचा कर्करोग, आधी रेडिएशन, मग ऑपरेशन, मळ गोळा करायला पोटावर लावलेली तात्पुरती पिशवी बंद करून अडीच महिने झालेत, रात्री पाच-सहा वेळा संडासला उठावं लागतं आणि डॉक्टर ‘वेळ लागेल’ एवढंच म्हणतात. माझी वाट अगदी हीच. ऑपरेशन ऑगस्ट २०१९, पिशवी बंद केली फेब्रुवारी २०२०. महिनाभरात लॉकडाऊन लागला. सगळं जग घरात बसलं तेव्हा मी संडासात बसलेलो होतो, त्यामुळे कामावर का येत नाही हे कुणाला सांगावं लागलं नाही, एवढंच माझं नशीब.

मी डॉक्टर नाही. पण हे का होतं ते मला एका सर्जनबाईंनी कागदावर चित्र काढून समजावलं आणि तिथून माझी चिडचिड निम्मी कमी झाली. गुदाशय म्हणजे १२ ते १५ सेंटिमीटरची कोठी. माल तिथे साठतो, वेळ झाली की एकदम बाहेर जातो. ऑपरेशनात ही कोठी बहुतेक सगळी काढतात आणि वरचं मोठं आतडं खाली आणून जवळजवळ दारालाच जोडतात. आता आतडं जेवढं पुढे ढकलेल तेवढं लगेच दारात. त्यात रेडिएशनने (आमच्याकडे त्याला शेक म्हणतात) तिथला भाग ताठ होतो, ताणला जात नाही. म्हणून एकदा जाऊन भागत नाही. तासाभरात चार-पाच वेळा, दर वेळी चमचाभर. याला डॉक्टर ‘लार्स’ (LARS, लो अँटीरियर रिसेक्शन सिंड्रोम) म्हणतात. पुढच्या भेटीत हा शब्द वापरून विचारा. ‘जुलाब होतात’ म्हटलं की बोलणं जुलाबाच्या वाटेने जातं, आणि हे जुलाब नव्हेत.

त्याच भेटीत जोड बोटाने तपासून घ्यायला सांगा. जोडाची जागा आकसली असेल तरीही असंच थोडं थोडं, सारखं सारखं होतं, आणि तेव्हा आतडं मंद करणारी गोळी देणं म्हणजे आधीच अरुंद असलेल्या बोळात गाडी आडवी लावणं. माझं तपासलं, ठीक होतं, मग पुढचं सगळं सुरू झालं.

आता रात्रीचं. आमच्या घरी सगळे उपाय रात्री अकरानंतर सुचायचे. हळूहळू कळलं की रात्र कशी जाणार ते दुपारी चार ते रात्री नऊ या वेळात ठरतं. अंथरुणावर पडल्यावर फारसं काही हातात राहत नाही.

सगळ्यात आधी दहा दिवस वही ठेवा. किती वाजता उठले, आणि कशासाठी. हे ‘कशासाठी’ महत्त्वाचं. माझ्या पाच फेऱ्यांपैकी दोन निव्वळ लघवीच्या निघाल्या! लघवीला म्हणून उठायचो, आता आलोच आहोत तर बसून बघू म्हणून कुंथायचो, आणि झोपलेलं आतडं जागं करायचो. मग पुढचा तास तिथेच. रक्तदाबाच्या माझ्या गोळ्यांत एक लघवी वाढवणारी होती आणि ती मी रात्री घेत होतो. डॉक्टरांना विचारून ती सकाळी केली, नऊचा चहा बंद केला, आणि लघवीला उठलो तर फक्त लघवी करून परत यायचं हा नियम केला. दोन फेऱ्या तिथेच गेल्या. वही नसती तर हे कधी लक्षात आलंच नसतं.

दुसरं जेवण. पोटात अन्न पडलं की मोठ्या आतड्याला ढकलायचा इशारा जातो. हा सगळ्यांच्याच शरीराचा नियम आहे. जेवण जितकं मोठं आणि तेलकट, तितका इशारा जोरात. साडेनऊला भरपेट जेवून अकराला झोपलं की तो इशारा बरोबर अंथरुणात गाठतो. पण उपाशी राहूनही रात्र शांत जात नव्हती. नुसता वायू फिरायचा, सकाळी भुकेने दुप्पट खायचो आणि दिवसाचं गणित बिघडायचं. शेवटी मुख्य जेवण दुपारी साडेबाराला आणि संध्याकाळी सहा-साडेसहाला छोटं, कोरडं जेवण असं केलं. मऊ भात, दाटसर मुगाचं वरण, उकडलेला बटाटा, कधी दहीभात. झोपायला दहा. मध्ये साडेतीन तास. बायको म्हणाली, ‘जैन व्हायचंय का आता?’ पण आठवड्यात फरक दिसला.

काय खाऊ नये याच्या लांबलचक याद्या तुम्हाला मिळाल्या असतीलच. मला एका ओळखीच्यांनी ४० पदार्थांची दिली होती. ती पाळली असती तर कर्करोगाने नव्हे, भुकेनेच गेलो असतो. माझ्यापुरतं सांगतो: मटकीची उसळ, वाटाणा, कोबी, कच्चा कांदा संध्याकाळी नाही. तिखट कुठल्याच वेळी फार नाही, कारण मिरची जाताना जशी झोंबते तशी येतानाही, आणि दिवसातून दहा वेळा येत असेल तर विचारूच नका. मिसळ मी वर्षभर फक्त दुसऱ्याच्या ताटात पाहिली. नुसतं दूध काहींना अजिबात चालत नाही, दही चालतं. कॉफी आणि शुगरफ्री गोळ्या-च्युइंगगम बंद. त्यातल्या गोडीनेही पोट सुटतं. पिकलेलं केळं, साबुदाण्याची लापशी, साल काढून शिजवलेलं सफरचंद याने बांधून येतं. ज्वारीची भाकरी मला दुपारी चालली, रात्री नाही. एका वेळी एकच पदार्थ बदलून तीन दिवस बघा, नाहीतर कशाने काय झालं ते कळत नाही.

इसबगोलाबद्दल घरात हमखास भांडण होणार, आधीच सांगून ठेवतो. आपल्याकडे ते बद्धकोष्ठावर, रात्री ग्लासभर कोमट दुधातून घेतात. माझ्या वहिनींना पटेचना की पोट साफ व्हायचं औषध याला कशाला. पण तो भुसा पाणी धरून ठेवतो. भरपूर पाण्याबरोबर घेतला तर मळ मऊ होतो, कमी पाण्यात घेतला तर आतलं सैल पाणी शोषून मळाला गोळा येतो. मी संध्याकाळच्या जेवणानंतर एक चमचा दह्यात कालवून घ्यायचो आणि पुढचा तासभर वर पाणी पीत नव्हतो. कोरडा कधीही तोंडात टाकू नका, घशात अडकतो. सहज गिळता येईल इतका ओला हवा. जोड आकसलेला असेल किंवा गिळायला त्रास असेल तर घेऊच नका. बाकीच्या औषधांपासून दोन तास लांब ठेवा. सुरुवातीला अर्धाच चमचा, नाहीतर वायूने पोट फुगतं.

लोपेरामाइडची गोळी तुमच्या कागदावर लिहिलेली दिसते, ‘लागल्यास’ म्हणून. हा ‘लागल्यास’ शब्द मला फार नडला. मी चौथ्या फेरीनंतर गोळी घ्यायचो, म्हणजे आग विझल्यावर बंब. ती आतड्याची चाल मंद करते, म्हणून चाल सुरू होण्याआधी पोटात हवी. डॉक्टरांनी मला एक २ मिलिग्रॅमची गोळी संध्याकाळच्या जेवणाआधी अर्धा तास दिली, पुढे काही काळ झोपताना आणखी एक. बाबांचा डोस त्यांच्याच डॉक्टरांकडून ठरवून घ्या, फक्त ‘जेवणाआधी घेतली तर?’ एवढं आवर्जून विचारा. स्वतःच्या मनाने वाढवू नका: दिवसाला १६ मिलिग्रॅम ही वरची हद्द आहे आणि त्यापुढे हृदयाचे ठोके बिघडू शकतात. ताप, रक्त किंवा फुगलेलं पोट असताना ही गोळी नाहीच. मी एकदा पुतण्याच्या लग्नाआधी हुशारी करून दोन जास्त घेतल्या. तीन दिवस काही नाही, आणि चौथ्या रात्री सगळं. तो अनुभव कुणाला नको.

आता मला ज्याचा सगळ्यात जास्त फायदा झाला ते. झोपण्याआधी कोठी, म्हणजे उरलीसुरली जागा, मुद्दाम रिकामी करायची. साडेआठला, संडासची भावना असो-नसो, कमोडवर बसायचं, पायाखाली पाट घ्यायचा म्हणजे गुडघे कमरेच्या वर येतात, थोडं पुढे वाकायचं, कुंथायचं नाही. दहा मिनिटं. मग उठून घरात दहा मिनिटं फेऱ्या मारायच्या आणि पुन्हा बसायचं. ही दुसरी बैठक सोडू नका. रात्री बारा आणि दोनला जे आलं असतं त्यातलं बरंचसं तिथे येऊन जातं. आठवा महिना लागल्यावर पिशवीची काळजी शिकवणाऱ्या सिस्टरांनी मला गुदमार्गाने कोमट पाणी सोडून आतडं धुवायला शिकवलं. त्याचा वेगळा संच मिळतो, स्वस्त नाही. पण धुतल्यानंतरची रात्र कोरी जायची. मात्र हे जोड पूर्ण भरल्याचं सर्जनने सांगितल्याशिवाय आणि कुणी समोर बसून शिकवल्याशिवाय करायचं नाही. व्हिडिओ बघून घरचा एनिमा तर मुळीच नाही, आतड्याला भोक पडू शकतं. बाबांना अडीचच महिने झालेत, तेव्हा सध्या हा विषय नुसता कानावर घालून ठेवा.

स्नायूंचे व्यायामही हवेत. वायू अडवताना जे आवळतो तेच आवळायचं, पाच मोजायचं, सोडायचं. मी बसस्टॉपवर, रांगेत, कुठेही करायचो. फळ दोन-तीन महिन्यांनी दिसतं. ते दिसू लागलं की रात्री एक नवीन गोष्ट जमते: जाग आल्याबरोबर धावायचं नाही. पलंगाच्या कडेला बसायचं, आवळून धरायचं, दोन मिनिटं थांबायचं. बऱ्याचदा तो वायूच असतो आणि लाट ओसरते. पण हे धाडस पॅड लावलेला असेल तरच होतं. मी पहिला पॅड दोन गावं सोडून तिसऱ्या गावातल्या मेडिकलमधून आणला होता. आता हसू येतं. बाबांना तो तुम्ही नका देऊ, आईंना किंवा भावाला द्यायला सांगा. मुलीच्या हातून घेताना माणूस उगाच लहान होतो.

बाकी बारीकसारीक: चादरीखाली मेणकापड, वाटेवर मंद दिवा, संडासाला आतून कडी नको. जेट स्प्रे मंद ठेवायचा, साबण आणि डेटॉल बंद, मलमलीच्या फडक्याने टिपायचं, पुसायचं नाही, आणि वर बाळांच्या पुरळाला लावतात तसं झिंक ऑक्साइडचं मलम. ते जळजळायला लागण्याआधीपासून लावा. पाणी तोडू नका. संध्याकाळनंतर घोट-घोट, पण दिवसा भरपूर. ओठ सुकले, लघवी गडद झाली तर ओआरएस.

रात्रीच्या फेऱ्यांचा माझा हिशेब असा: तिसऱ्या महिन्यात पाच-सहा, सहाव्यात दोन-तीन, वर्षाने एक. आज बहुतेक रात्री शून्य, लग्नाच्या जेवणानंतर दोन. सुधारणा दीड-दोन वर्षं चालू राहते. तेवढं करूनही भागलं नाही तर पुढचे उपचार आहेत, आणि विचार करून कायमची पिशवी परत घेतलेले व निवांत झोपणारे लोकही मी पाहिलेत. तो पराभव वगैरे अजिबात नाही.

मात्र सुधारून पुन्हा एकाएकी वाढलं, रक्त पडलं, ताप आला, किंवा पोट फुगून उलट्या होतायत आणि वायूही सरत नाही असं झालं तर वही बाजूला ठेवून सरळ हॉस्पिटल.

हो, एक विचारायचं राहिलं. बाबांना मधुमेह आहे का? मेटफॉर्मिन चालू असेल तर त्यानेही पोट सैल राहतं. माझ्या बाबतीत तेही एक कारण निघालं होतं आणि गोळीचा प्रकार बदलून भागलं. औषधांची सगळी यादी एकदा इथे टाका, आणि वहीची पहिली चार पानं झाली की तीही.