टार्टनला साजेशी टोपी घेताना

सासरच्या स्कॉटिश घराण्याच्या टार्टनचा, म्हणजे त्यांच्या खास रंगीत चौकडीच्या कापडाचा, किल्ट (पुरुषांचा गुडघ्यापर्यंतचा चुणीदार घागरा) शिवून आला, अभिनंदन! आता टोपी. पहिली चूक बहुतेकांची होते, माझीही झाली: टोपीसुद्धा त्याच टार्टनची घेतली. एडिंबरात पर्यटकांसाठी लाल केस चिकटवलेल्या टोप्या विकतात ना, थेट तसा दिसत होतो. टोपी एकरंगी घ्या, गडद निळी किंवा काळी. टार्टनमधला एखादा रंग वरच्या गोंड्यात आला की पुरे. या गोंड्याला टूरी म्हणतात.

सध्या दोनच प्रकार बघा. ग्लेनगॅरी होडीसारखी, मागे दोन फिती लोंबणारी. आपल्या गांधी टोपीची लांबची बहीणच म्हणा. बाल्मोरल गोल, चपटी, मऊ. लग्नाला दोन्ही चालतात, पण नवख्याला मी बाल्मोरलच सांगेन. ती जरा इकडेतिकडे झाली तरी खपून जाते.

बिल्ला डाव्या बाजूला. क्लॅनचा, म्हणजे स्कॉटिश घराण्याचा, असेल तर पट्टा-बकलच्या वर्तुळातला. पिसं मात्र खोचू नका! तीन पिसं क्लॅनप्रमुखाची, जावयाची नव्हेत.

माप भुवयांच्या जरा वरून, सेंटिमीटरमध्ये घ्या. आणि दुकानात किल्टच्या कापडाचा तुकडा घेऊन जा, मोबाइलवरच्या फोटोत हिरवा धड हिरवा दिसत नाही.